चार शतांश जास्त

परत आलेल्या अकरा गिअरबॉक्सपैकी पहिला रोस्विटा केश्लेने स्वतः उघडला. बेअरिंग करपून काळं पडलं होतं. झाकणाने ते इतकं दाबलं होतं, की फिरायला जागाच उरली नव्हती.

जर्मनीतल्या आल्ब डोंगरातल्या त्या कारखान्यात एकवीस वर्षं जुळणी विभाग तिच्याकडे होता. डिझाइनचे प्रमुख डॉक्टर ओस्टरटाग बैठकीत सरळ म्हणाले, की तिची माणसं झाकणं हातोडीने ठोकून बसवतात. आठवड्याभरात तिच्या दोघांच्या हातात ताकीदपत्रं पडली.

"माझ्या विभागात हातोडी कुठे आहे, दाखवा," ती म्हणाली.

"भाग सगळे मापात आहेत, फ्राउ केश्ले. मग उरलं कोण?"

भाग मापात होते, हे खरंच होतं. आत चार भाग एकाला एक टेकून बसत आणि शेवटी झाकणापाशी मिलिमीटरचे वीस शतांश मोकळे राहायला हवे होते. प्रत्येक भाग सहा शतांशांनी जाड निघाला तरी चालेल, असं ड्रॉइंगवर लिहिलेलं. रोस्विटाने बेरीज मांडली. चारही जाड निघाले तर चोवीस. म्हणजे मोकळी जागा संपून वर चार शतांशांचा दाब. तिने तो कागद ओस्टरटागना नेऊन दिला. एक जाड आला तर दुसरा बारीक येतो, चारही जाड म्हणजे हजारांत एखाद्या वेळी, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं, असं सांगून त्यांनी तिला उभ्या उभ्याच वाटेला लावलं.

तिने मग जेवणाच्या सुट्टीत कोठारातले भाग मोजायला घेतले. एका हातात ब्रेत्झेलचा पाव, दुसऱ्यात मायक्रोमीटर. चाळीस संच मोजले. जवळपास सगळेच पाच-सहा शतांशांनी जाड. आणि चारही भाग ज्या लेथ विभागात निघत, तो तिच्या सख्ख्या भावाचा होता. पुढच्या बैठकीआधी ती त्याच्याकडे गेली.

"मुद्दामच ठेवतो," ऑयगेन म्हणाला. "जाड राहिलं तर पुन्हा कापता येतं. बारीक झालं की भंगार, आणि त्याचा जाब मला विचारतात. मापात आहे ना? मग झालं."

"माझ्या माणसांना ताकीद मिळालीय."

"माझं नाव घेतलंस तर बघ, रोझी."

बैठकीत तिने नाव घेतलं नाही. मापांचा तक्ता टेबलावर ठेवला. त्यात लेथचे नंबर होतेच. ओस्टरटागनी तो वाचला आणि लगेच ऑयगेनवर घसरले. तिने त्यांना मध्येच थांबवलं.

"त्याने तुमच्या ड्रॉइंगबाहेर काही केलेलं नाही. जाड-बारीक मिसळून येतील, हे तुम्ही धरून चाललात. बघायला एकदा तरी खाली आलात?"

ताकीदपत्रं मागे घेतली गेली. नव्या ड्रॉइंगवर सहाचे चार शतांश झाले. माफी कोणी मागितली नाही. ऑयगेनकडे भंगार वाढलं आणि दर सोमवारी त्याला वर बोलावणं येऊ लागलं.

रविवारी तो आईकडे आला, नेहमीसारखा. रोस्विटाने मसूर आणि श्पेट्झलं, म्हणजे घरच्या शेवया, त्याच्यासमोर ठेवल्या. दोन घास खाऊन तो आईकडे वळला.

"मीठ तिच्या बाजूला आहे. तिला सांग, इकडे सरकव म्हणून."