सात पोत्यांचा उतार

मी जुना झालो आहे, मित्रांनो, पण मऊ झालेलो नाही. मी एक चुकुडू आहे. दोन लाकडी चाके, मध्ये ओझे आणि गडी दोघांनाही पेलणारी जाड फळी आणि पुढे बैलाच्या शिंगांसारखे हँडल. गोमा शहरातल्या माणसांच्या पोटात आणि चुलीत जे जे जाते, ते आमच्याच पाठीवरून किबुंबाचा उतार उतरते.

म्बुसा नावाच्या म्हाताऱ्या सुताराने मला निलगिरीच्या खोडातून तासले. चाकांना जुन्या टायरच्या पट्ट्या ठोकल्या आणि मागच्या चाकावर रबरी चपलेचा तळ बसवला. तो माझा ब्रेक; पायाने दाबायचा. मला हाकीझा नावाच्या तरुण गड्याच्या हवाली करताना म्हातारा म्हणाला, "हे बघ पोरा, याला दयामाया नाही. वजन आणि वेग मिळून याच्या अंगात जे भरतं, ते कुठंतरी काढावंच लागतं. हळूहळू काढ, बराच वेळ. नाहीतर ते एका दणक्यात निघेल आणि तो दणका तुझी हाडं खाईल."

तुमच्या पुस्तकात अंगात भरणाऱ्याला संवेग म्हणतात आणि तो काढायला लागणाऱ्या जोराच्या आणि वेळाच्या हिशेबाला आवेग. आमच्या उतारावर या शब्दांना कोणी ओळखत नाही. त्यांनी मोडलेली माणसे मात्र सगळे ओळखतात.

हाकीझाने म्हाताऱ्याचे ऐकले. तीन वर्षे तो माझ्यावर चारच पोती बटाटे लादत असे आणि पहिल्या वळणापासूनच चपलेवर हलका पाय ठेवत असे. बाकीचे गडी शेवटच्या वळणापर्यंत मोकाट सुटत. रुकुंदो तर शेजारून जाताना हमखास ओरडे, "अरे, पाय उचल की! सासूला दवाखान्यात नेतोयस का?" हाकीझा हसायचा, पण पाय उचलायचा नाही. मला त्याचा अभिमान वाटे.

झावादीबाई बटाट्यांची व्यापारीण. एके सकाळी तिने माझ्यावर सात पोती रचायला लावली.

"बाई, एवढी नको. थांबणार नाही हा."

"का नाही थांबणार? उतार तोच, रस्ता तोच, चप्पल तीच. जोरात पळवू नकोस म्हणजे झालं."

"वेग तोच असला तरी वजन—"

"शिकवू नकोस मला. जमत नसेल तर सांग, रुकुंदो उभाच आहे."

"मी आठ नेईन, बाई!" रुकुंदो म्हणाला. सगळे हसले.

हाकीझाची बायको न्सिमिरे पोटुशी होती. बाईचे काम गेले तर घरात चूल पेटणार नव्हती. त्याने माझे हँडल धरले.

वेग रोजचाच होता. तरीही रोज जिथे मी मंद होत असे, तिथे झालो नाही. हाकीझाने पाय रेटला. चप्पल घासत राहिली, तापली, धुराचा वास आला आणि तिसऱ्या वळणावर तिचा तुकडा उडून गेला. खाली रस्त्याला लागून केळीवाल्या बसल्या होत्या. आमच्याकडे ब्रेक गेला की गडी ओरडतो आणि उडी मारतो. चुकुडू मग वाटेल तिथे जातो. हाकीझाने उडी मारली नाही. त्याने मला काळ्या दगडांच्या बांधाकडे वळवले.

जे काढायला अर्धा डोंगर लागला असता, ते डोळ्याचे पाते लवायच्या आत निघाले. माझ्या आणि दगडाच्या मध्ये त्याचा पाय होता.

लोक धावले, मित्रांनो. खोटे कशाला बोलू, सगळे धावले. बटाट्यांकडे. जिच्या अंगावरून मी गेलो असतो, त्या केळीवालीने ओटी भरून घेतली आणि वर धूळ उडवली म्हणून शिव्या दिल्या. झावादीबाई आली, तेव्हा हाकीझा कण्हत होता, "बाई, माझा पाय..."

"पाय तुझा आहे," ती म्हणाली. "बटाटे माझे होते." आणि नुकसानीपोटी ती मला ओढून घेऊन गेली.

त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मला नवे हँडल मिळाले. याची मला लाज वाटते, पण लाकडाच्या लाजेने कोणाचे पोट भरत नाही.

आज मी पुन्हा उताराच्या माथ्यावर उभा आहे. पाठीवर सात पोती आहेत आणि हँडल रुकुंदोच्या हातात. हाकीझा कुबडी टेकत आला आहे. त्याने मला घट्ट धरले आहे.

"रुकुंदो, तीन पोती उतरव. पाया पडतो तुझ्या."

"तुझं काम गेलं म्हणून माझंही घालवतोस काय, लंगड्या? सोड!"

बघे हसत आहेत. बाई पोत्यांच्या दोऱ्या तपासते आहे.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. ओझे कमी करायचे असेल, ब्रेक पाहायचा असेल, कोणाचे ऐकायचे असेल, तर ते मी उभा असतानाच. एकदा निघालो की मला ना शहाणपण ऐकू येते, ना रडणे.

रुकुंदोने हाकीझाची बोटे एकेक करून सोडवली. मग त्याने जमिनीला पाय मारला आणि मी निघालो.