वाऱ्याची गोधडी

यिनह्वाने जुन्या वर्तमानपत्राची पानं उलगडली, स्वेटरच्या आत छातीवर नीट पसरली आणि वरून कोटाची चेन ओढली. चेन मध्येच अडली. कोट खाली ताणून तिने ती पुन्हा ओढली. मग मोज्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या, त्यांवर बूट. गुडघ्यांना मेंढीच्या कातड्याचे पट्टे बांधले. चुलीवरच्या पातेल्यातून उकडलेली दोन अंडी काढून पुसली आणि एकेका खिशात एकेक टाकलं. शाळेपर्यंत बोटांना तेवढीच ऊब.

“काल पुन्हा आला होता,” सासू म्हणाली.

खालून धग दिलेल्या विटांच्या ओट्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिची फक्त पांढरी वेणी दिसत होती.

“काय म्हणाला?” यिनह्वाने विचारलं. ती रोज विचारायची.

“गुडघे गार पडलेत म्हणाला.”

यिनह्वाने पातेल्यावर झाकण ठेवलं. “राळ्याची पेज झाकून ठेवलीय, आई. दुपारी चूल विझू देऊ नका.”

“परवा त्याच्यासाठी थंडीचे कपडे जाळायचे. पहिलंच वर्ष आहे. गाडीची गोधडीसुद्धा दे त्याला. कागदाची करून मिळते का बघ.”

“बघते.”

ती बाहेर आली. अंगणातल्या मिरच्यांच्या माळा दंवाने पांढऱ्या पडल्या होत्या. भिंतीला टेकून बाओशुनची विजेवरची स्कूटर उभी होती. सीटवरचा बर्फाचा पापुद्रा तिने बाहीने खरवडला. बाओशुन जाऊन वर्ष होत आलं होतं. म्हातारीच्या स्वप्नात तो इतक्या वेळा यायचा, की ती त्याच्याबद्दल शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या माणसासारखं बोलायची. यिनह्वाकडे तो एकदाही आला नव्हता. निजताना ती त्याच्या बाजूची जागा रिकामी ठेवायची. सकाळी ती जागा तशीच सपाट असायची.

सांगगान नदीच्या बांधावर आल्यावर वारा सुरू झाला. हँडलवरचे हात आधी दुखले, मग बधिर झाले. गुडघ्यांवरचे पट्टे दोन वळणांपुरतेच टिकले, त्यानंतर वारा आरपार. या दिवसांत तालुक्याच्या गावातली एकही स्कूटर अशी उघडी नसते. हँडलपासून पावलांपर्यंत लोंबणारी जाड गोधडी, तिलाच शिवलेल्या दोन बाह्या, त्यांत हात घालायचे आणि अंथरुणात बसल्यासारखं जायचं. सिग्नलला अशा पन्नास गोधड्या एका रांगेत उभ्या राहतात. कुणावर अस्वलं, कुणावर चौकडी.

“काय हो ताई,” सिग्नलला शेजारी थांबलेल्या स्कूटरवरची भाजीवाली म्हणाली, “गोधडी विकून खाल्लीत की काय?”

यिनह्वा हसली. म्हणजे हसण्यासाठी ओठ हलवले. ते हलले की नाही, तिला कळलं नाही.

गोधडी होती. कपाटात, सगळ्यांत खालच्या फळीवर, घडी करून ठेवलेली. बाहेरून लाल फ्लॅनेल आणि मोठाली फुलं, आतून लोकर. मधे यिनह्वाने स्वतः कापसाचा आणखी एक थर घातला होता. गेल्या हिवाळ्यात, ऐन कडाक्यात, तिने ती धुतली. रात्रभर दोरीवर राहून सकाळी ती फळीसारखी ताठ झाली. बाओशुनने ती दोरीवरून काढून अंगणात उभी केली, आणि ती उभी राहिली. “बघ, पहारेकरी,” म्हणून तो हसला होता. मग गुडघ्यांभोवती पोतं गुंडाळून बॉयलरच्या पाळीवर निघाला. साऱ्या गावाच्या घरांत ऊब पाठवणारा बॉयलर. त्यावर तो कोळसा ओढायचा. तिथवर तो पोचला नाही. बांधावरच्या पॉपलरच्या झाडांखाली, स्टँड लावलेल्या स्कूटरवर, हात बगलेत घालून तो बसलेला सापडला. लांबून वाटावं, कुणाची तरी वाट बघतोय.

हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले; घरी अंथरुणात असता तरी थांबलं असतं.

पण प्रेत अंगणात असताना छाइफंगने, बाओशुनच्या मोठ्या बहिणीने, सगळ्या नातेवाइकांसमोर विचारलं होतं, “असल्या थंडीत गोधडी धुवायची अवदसा हिला कुठून आठवली?” सगळे यिनह्वाकडे बघत होते. तिच्याकडे उत्तर होतं. ते तिने दिलं नाही. तेव्हापासून ती स्कूटरला गोधडी लावत नव्हती, आणि का, हे तिला कुणी विचारत नव्हतं. घरात म्हातारीही नाही.

शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम उरकून दुपारी ती बाजारात म्याओच्या दुकानी गेली. मेलेल्यांसाठी जाळायच्या कागदी वस्तू तो बनवायचा. छताला कागदी कोट लोंबत होते, आणि तो बांबूच्या कामट्या सोलत बसला होता.

“कोट, टोप्या, बूट,” तो न बघताच म्हणाला. “सगळ्यांच्या आत खरा कापूस. यंदा फोनसुद्धा आहे, चार्जरसकट.”

“स्कूटरवर गुडघ्यांवर घेतात ती गोधडी मिळेल?”

म्याओने चष्मा कपाळावर सरकवला. “कागदाची?”

“सासूबाईंच्या स्वप्नात येतो. गुडघे गार पडलेत म्हणतो.”

“अस्सं. पण स्कूटर दिली होतीत का त्याला? माती दिली तेव्हा?”

“नाही. मीच चालवते ती.”

“मग तिकडे तो पायी फिरत असणार. पायी फिरणाऱ्याने गोधडी लावायची कशाला? नाकाला?” तो हसला. मग त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्याने पुन्हा कामटी हातात घेतली. “करतो, वहिनी. फुलं कसली होती?”

“लाल. मोठी.”

“परवा दुपारी घेऊन जा.”

कपडे जाळायच्या दिवशी सूर्य मावळायच्या बेताला यिनह्वाने सासूला स्कूटरच्या मागे बसवलं. तीन स्वेटर, वर बाओशुनचा कोट, डोक्याला शाल. म्हातारीच्या मांडीवर चादरीत बांधलेलं मोठं गाठोडं होतं.

“हे काय घेतलंत?”

“असू दे.”

गावाबाहेर, जिथून एक वाट स्मशानाकडे वळते, त्या चौकात चार-पाच घरांचे जाळ आधीच पेटले होते. बसमधून उतरून छाइफंगही आली होती. तिच्या पिशवीत कागदी कोट होते. तिने खडूने जमिनीवर मोठं वर्तुळ काढलं, स्मशानाच्या बाजूने त्याला यायला थोडी फट ठेवली, आणि दोन-चार कागद वर्तुळाबाहेर टाकले. ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी. म्हातारी तिपाईवर बसली. कोट पेटले. आतला कापूस तडतडला.

यिनह्वाने कागदी गोधडी उलगडली. म्याओने फुलं हाताने रंगवली होती.

“आता करून आणलीस,” छाइफंग जाळाकडे बघत म्हणाली. “तेव्हा कोरडी दिली असतीस तर हिची गरजच पडली नसती.”

यिनह्वाने फुलांवर पडलेली राख फुंकून उडवली.

म्हातारीने गाठोड्याची गाठ सोडली. आत खरी गोधडी होती, कपाटातली.

“हे बरं केलंस, आई,” छाइफंग म्हणाली. “ज्याची त्याला मिळू दे.” तिने गोधडी उचलली आणि जाळाकडे वळली. पण एक टोक म्हातारीच्या मुठीत होतं.

“सोड ना, आई.”

“ही मी ओली केली होती.”

“काय?”

“ताप होता मला. दात वाजत होते. ही जाड, ऊब धरते म्हणून यिनह्वाने माझ्यावर घातली आणि कामाला गेली. झोपेत मी ओली केली. मला कळलंसुद्धा नाही.” म्हातारीचा आवाज चढला नव्हता, बाजारातून काय काय आणायचं ते सांगावं तशी ती सांगत होती. “ही आली. मला पुसलं, कपडे बदलले, आणि तशीच नळाखाली बसून ही धुतली. बाओशुन घरी आल्यावर म्हणाली, मळली होती. मी डोळे मिटून पडले होते. ऐकलं मी.”

“आई, राहू द्या,” यिनह्वा म्हणाली.

“नंतर अंगणात ही छाइफंग तुला बोलली, तेही ऐकलं. तेव्हाही पडूनच राहिले. म्हटलं, आता ही सांगेल. तू सांगितलं नाहीस. मग वाटलं, उद्या सांगेल. रोज सकाळी तू उघड्या गाडीवरून जायचीस आणि मला वाटायचं, माझ्यावरच राग काढतेय ही.”

“तुमच्यावर?” यिनह्वाने मान वर केली. “आई, एक दिवस थांबून धुतली असती तरी चाललं असतं. घाई मी केली.”

म्हातारीने तिच्याकडे बघितलं नाही. ती जाळाकडे वाकली होती. “पायथ्याशी येऊन बसतो. स्वतःचं काही बोलत नाही. तिचे गुडघे गार पडलेत, म्हणतो. मी तुला तेवढं अर्धंच सांगायचे.” तिने शाल कानावरून मागे सारली, पलीकडचं नीट ऐकू यावं तशी. “बाओशुन, सांगितलं रे आता. तिच्यासमोर सांगितलं.”

वारा वळला. धूर तिघींच्या अंगावर आला आणि सरला. पलीकडच्या जाळापाशी कुणीतरी आपल्या बापाला हाका मारून कपडे घ्यायला बोलावत होतं.

यिनह्वाने कागदी गोधडी जाळात ठेवली. कडा काळ्या झाल्या, मग आग आत शिरली. गरम हवेने दोन्ही कागदी बाह्या फुगून भरल्या, कुणी आत हात घालावेत तशा. हँडल धरल्यासारख्या त्या क्षणभर पुढे राहिल्या. तिघींनीही ते पाहिलं. मग बाह्या गेल्या, आणि राख वाऱ्याच्या उलट दिशेला, फटीतून बाहेर सरकली.

छाइफंगच्या हातात अजून खरी गोधडी होती. ती जाळाजवळून मागे आली. स्कूटरपाशी जाऊन तिने गोधडीचे बंद हँडलला बांधायला घेतले. पहिली गाठ सुटली. तिने ती दातांनी ओढून घट्ट केली. खाली वाकून पावलांकडची कड नीट केली. एका बाहीत स्वतःचा हात घालून अस्तर सरळ झालं का ते बघितलं. मग हात बाहेर काढायचा विसरून तशीच उभी राहिली.

“वन्सं,” यिनह्वा म्हणाली, “बसायचं आहे मला.”

छाइफंग बाजूला झाली. तिचा चेहरा अंधाराकडे होता. “बस. आईला मागे मी बसवते.”

म्हातारीला तिने उचलूनच बसवलं, तिचे दोन्ही हात यिनह्वाच्या कमरेभोवती घातले, शालीची टोकं आत खोचली. यिनह्वाने बाह्यांत हात घातले. लोकर आधी गार लागली, मग नाही. गुडघ्यांवर गोधडीचं वजन पडलं. इतक्या दिवसांत ती ते वजन विसरली होती.

“आता कुणी मागे बघायचं नाही हं,” म्हातारी तिच्या पाठीशी पुटपुटली. “बघितलं की त्यांचा पाय निघत नाही.”

“नाही बघत.”

“तुम्ही व्हा पुढे,” छाइफंग म्हणाली. “मी येते चालत. आज राहणार आहे मी.”

यिनह्वाने किल्ली फिरवली. हँडलवरच्या दोन्ही आरशांत चौकातले जाळ दिसत होते. लहान, लाल, आणि त्यांच्या मधे काळोख. छाइफंगलाही ते दिसले असावेत. मागचं दिसू नये म्हणून तिने हात लांब करून उजवीकडचा आरसा आत वळवला. मग ती पुढून वळसा घालून डावीकडे आली.

यिनह्वाने बाहीतून हात काढला आणि त्या आरशावर ठेवला.

छाइफंग थांबली. तिने यिनह्वाकडे बघितलं, आरशाकडे बघायचं टाळलं, आणि एक पाऊल मागे सरली.

स्कूटर निघाली. डावीकडचा आरसा यिनह्वाने तसाच राहू दिला.