सज्ज्याचा कठडा

आमच्या पेठेतली सगळी घरं एकाच धाटणीची. खाली दुकान, वर सागवानी सज्जा. कठड्याचे गज सुंदर कोरलेले, पण दोन गजांमधली फट एवढी, की दीड वर्षांची माझी अक्कू त्यातून आरपार जाईल. ती चालायला लागली त्याच दिवशी मी तिथं हिरवी शेडनेट बांधली. खिळे नाही मारले, सुतळीनं बांधली. सज्जा मलाही आवडतो.

यंदा नगरपालिकेनं पेठेचं जुनं रूप जपायचं ठरवलं. समितीचे प्रमुख उमाशंकर सर, निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांनी दुकानांपुढचे पत्रे काढायला लावले, लोंबत्या वायरी काढायला लावल्या, आणि मग आमच्या दारात आले. रविवारी फोटो काढणारे येणार, तेवढी जाळी उतरवा म्हणाले. सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, मला न विचारता होकार देऊन टाकला. दोन दिवसांचा तर प्रश्न, असं नवराही म्हणाला. पडायला किती दिवस लागतात, हे त्याला विचारून उपयोग नव्हता.

"शंभर वर्षांत इथनं कुणी पडलं न्हाय, शुभांगी," सर म्हणाले. "तू लई शिकलीस, म्हणून लई भितीस."

मी आत गेले. दोऱ्यानं अक्कूचं डोकं मोजलं. सकाळीच आणलेल्या टरबुजाला तो दोरा गुंडाळला, तर पुरेना. अक्कूला सासूबाईंच्या कडेवर दिलं, सज्ज्यात जाऊन जाळीचं एक टोक सोडलं. खाली दोनदा वाकून पाहिलं.

"अप्पा, जरा मागं सरा. सर, तुम्हीपण."

टरबूज फटीतून ढकललं, ते अडलंसुद्धा नाही. नुकत्याच धुतलेल्या दगडी फरशीवर फुटलं. सरांच्या पांढऱ्या पँटवर लाल शिंतोडे उडाले.

"सर, ह्येचाबी फोटू काढा की," समोरच्या ओट्यावरून जगदेवी काकू म्हणाल्या.

"अक्कूचं डोकं याच्याहून लहान आहे," मी वरून सांगितलं.

अप्पांनी फरशीकडं पाहिलं. मग वर आले आणि सुटलेलं टोक स्वतःच बांधू लागले. माझ्यापेक्षा दोन गाठी जास्तच मारल्या. माझ्याकडं मात्र बघितलं नाही.

रविवारी फोटोवाले आले. सर खालून म्हणाले, निदान तू तरी बाजूला हो. मी अक्कूला कडेवर घेतलं आणि जाळीमागं, बरोबर मधोमध, उभी राहिले.