चुकीची पुडी
दुपारची जेवणं आटोपून वहिनी कोठीच्या खोलीत आली. सकाळी भिजत घातलेलं मक्याचं बी टबात टम्म फुगलं होतं. सहज तिची नजर फळीवर गेली. जस्ताची पुडी तशीच होती, न फोडलेली. शेजारची बोरॉनची मात्र रिकामी.

तिनं दोन्ही पुड्या खाली उतरवल्या. दोन्ही पावडरी पांढऱ्या, पुड्याही सारख्याच. जस्ताच्या पाण्यात बी भिजवलं की रोप जोमदार येतं, हे तीच शेतीच्या प्रशिक्षणात शिकून आली होती. बोरॉनही पिकाला लागतं, पण चिमूटभर. जास्त झालं तर कोंब जळतो. आणि तिनं शंभर ग्रॅम ओतलं होतं.

बी नणंदेचं होतं. लाल मका, वीस वर्षं निवडून राखलेला. दुसरीकडे कुठेच मिळत नव्हता. "सगळं नको गं घालू," नणंद म्हणाली होती. "घाला हो ताई, काही होत नाही," म्हणत हिनंच बियाण्याचा डबा रिकामा केला होता.

नणंद म्हणजे जमदग्नीचा अवतार. पाणी ओतून द्यावं, बी वाळवावं, तोंड शिवून बसावं, असं वहिनीच्या मनात आलं. उगवलं नाही तर हवेला दोष देता येईल. तिनं टब उचललाही. पाणी हिंदकळून तिच्या पायांवर सांडलं.

"भूत बघितलंस का?" दारात नणंद उभी होती.

"ताई, चुकले मी. भलतीच पुडी घातली. बी मेलं असेल."

नणंद ओरडली नाही. त्यानं वहिनी जास्तच घाबरली.

"आधी धू," ती एवढंच म्हणाली.

दोघींनी सात पाण्यांनी बी धुतलं, सावलीत पसरलं. किती उगवतात ते बघायला शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले. पुढचे चार दिवस नणंद अवाक्षर बोलली नाही.

पाचव्या सकाळी गोणपाट उलगडलं. कितीतरी दाण्यांची टोकं करपली होती. नणंदेनंच कोंब फुटलेले मोजले.

"एकेचाळीस."

"पुरतील, ताई?"

"दाट पेरू. यंदा खायला मिळायचा नाही, बियाण्यापुरता होईल." तिनं पदरानं डोळे पुसले. "बोलले असते ना, तर तिथंच रडत बसले असते."

पेरणी झाली. मका विरळ उगवला, पण उगवला. वहिनी अजून रोज पहाटे वावरात जाऊन रोपं मोजते. एखादं पान पिवळं दिसलं की तिथंच बसून ते निरखत राहते.