अ‍ॅशकॉम आणि सतरा मार्चचा गुरुवार

पेन्सिलीची ती टिंबं इतकी फिकट होती की आधी तिला वाटलं, पानावर चहाची पूड सांडली असावी – मग चष्मा लावून कागद खिडकीशी धरला तेव्हा दिसलं, एका वाक्याखाली बारीक तुटक रेघ होती आणि समासात तिच्या गुरुजींचं, कुरिहारा सेन्सेईंचं, मुंगीच्या पावलांचं अक्षर… 'याला पुरावा आहे का? कदाचित तो नुसता घाबरला असेल.' वाक्य शैलजाचंच होतं, तिच्या पुस्तकातलं. इंग्रजीत ते जरा सभ्य दिसत होतं, पण अर्थ एवढाच की ऐन वेळी काखा वर करून निघून जाणं हा थॉमस अ‍ॅशकॉमचा स्वभावच होता.

"आई, आज प्लास्टिकच्या कचऱ्याचा दिवस आहे ना, पिशवी नेली का?" हे सुरुचीनं जपानीत विचारलं. नऊ वर्षांची झाली तशी ती मराठी फक्त पुण्याच्या फोनसाठी राखून ठेवायला लागली होती. शैलजानं पिशवी उचलली, खाली नेली, कावळ्यांनी फाडू नये म्हणून जाळीखाली नीट ठेवली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना मान लववून सुप्रभात म्हटलं. आणि हे सगळं करताना ती तुटक रेघ काही डोळ्यांपुढून हलेना. नुसता घाबरला असेल… सेन्सेईंनी हे कोणाविषयी लिहिलं होतं?

अ‍ॅशकॉमविषयी, अर्थात. दुसरं कोण. आठ वर्षं या एका इंग्रजानं तिच्या घरात ठाण मांडलं होतं. तिचा नवरा राजीव म्हणायचा, "तुमचे साहेब जेवले का?" ब्रिस्टलच्या चांभाराचा मुलगा, धर्मादाय शाळेत शिकला, वकील झाला आणि तिकडे कोणी विचारेना म्हणून योकोहामाला आला. तेव्हा परदेशी माणसावर जपानी न्यायालयात खटला चालत नसे. त्याच्यावरची फिर्याद त्याच्याच देशाच्या वकिलातीतल्या कोर्टात करावी लागे. त्या कोर्टात अ‍ॅशकॉमनं पंधरा वर्षं काढली, आधी योकोहामात आणि नंतर कोबेत. नंतर तो इंग्लंडला परतला, खाणकामगारांच्या एका मतदारसंघातून निवडून आला, दोन वर्षं उपमंत्रीही झाला. न्याय या विषयावर त्यानं इतकी भाषणं ठोकली की त्याच्याच पक्षातले लोक टोपी उचलून बाहेर जात. खलाशांच्या बायकामुलांना भरपाई मिळावी म्हणून त्यानं आणलेला कायदा मात्र खरोखर चांगला होता. तो तिनं तीन वेळा वाचला होता. प्रत्येक वेळी तिला त्याचा राग आला होता.

कारण त्या कायद्याच्या सहा वर्षं आधी कोबेत एक बाई होती. तिचा नवरा मासेमारीच्या होडीत होता आणि एका इंग्रजी आगबोटीनं ती होडी बुडवली होती. एकही वकील तिचं वकीलपत्र घेईना, ते अ‍ॅशकॉमनं घेतलं. सुनावणी सोमवारची होती आणि शनिवारी लंडनहून तार आली की पार्लमेंटची जागा रिकामी झाली आहे, लगेच निघा. रविवारी पहाटेच्या बोटीनं साहेब निघाले. कारकुनापाशी एक चिठ्ठी ठेवली, बाईला काहीच कळवलं नाही. सोमवारी ती बाई कोर्टाच्या ओसरीवर संध्याकाळपर्यंत बसून होती, एवढं कारकुनाच्या रोजनिशीत आहे. त्यापुढे तिचा कुठेच उल्लेख नाही.

ती रोजनिशी तिनं आणि सेन्सेईंनी मिळून वाचली होती. दर गुरुवारी दोन वाजता, विद्यापीठातल्या त्यांच्या उत्तरेच्या खोलीत – ते भिंग धरायचे, ती अक्षर लावायची, एखादा शब्द लागला नाही की दोघं गप्प बसायचे आणि मग एकदम दोघांनाही लागायचा. पुण्यात तिला कोणी इतकं सावकाश शिकवलं नव्हतं. तिकडे सगळ्यांना पुढच्या तासाची घाई असायची.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मांडीवर शेवटचं प्रकरण होतं. पुस्तक सोमवारी छपाईला जाणार, म्हणजे आजचा गुरुवार शेवटचा. सेन्सेई निवृत्त झाल्यापासून वाचन त्यांच्या घरी होई. आता त्याला निमित्त उरणार नव्हतं. बोलायचं तर आजच… साडेतीन वर्षं ती हेच म्हणत आली होती की पुढच्या गुरुवारी बोलू.

तो मार्च तिला नीट आठवतो आणि आठवू नये असंही वाटतं. भूकंपात इथे क्योतोत फक्त दिव्याची दोरी हलली होती. पण पुढचे चार दिवस टीव्हीवर ती काळी लाट, नंतर अणुभट्टीचा धूर, आणि पुण्याहून अप्पांचा दिवसातून सहा वेळा फोन. "पोरीला घेऊन तिथं कशाला बसली आहेस? शहाणपण गहाण टाकलंस का?" राजीव म्हणाला, भट्टी इथून शेकडो किलोमीटर लांब आहे. ते तिला नकाशावर दिसत होतं, पण पाचावर धारण बसली की नकाशा कोण बघतं. बुधवारी, सोळा तारखेला, ती सुरुचीला घेऊन विमानात बसली. विभागाच्या ऑफिसला दोन ओळींची मेल टाकली. सेन्सेईंना फोन करायचा म्हणून विमानतळावर नंबर काढला आणि मग… काय सांगायचं? तुमचा देश बुडतोय म्हणून मी निघाले? नंबर तसाच राहिला.

पाच आठवड्यांनी परत आली ती आंबाबर्फीचे चार डबे घेऊन. इथला रिवाजच आहे, बाहेरगावाहून आलं की सगळ्यांसाठी खाऊ आणायचा. तिनं तो प्रत्येकाच्या टेबलावर कागदी रुमालावर मांडला आणि मांडता मांडता तिच्या लक्षात आलं. खाऊ सहलीहून आणतात. पळून गेलेलं माणूस खाऊ आणत नाही. सगळ्यांनी हसून आभार मानले. सेन्सेईंनी एक वडी घेतली, अर्धी खाल्ली, म्हणाले, "आलात, बरं झालं." नंतर ऑफिसातल्या बाईंनी सहज सांगितलं, "त्या सतरा तारखेला सेन्सेई पाच वाजेपर्यंत तुमची वाट बघत बसले होते हो. बहुतेक तुमची मेल त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती." बाई सहज बोलून गेल्या आणि हिच्या काळजाला कायमचं भोक पडलं. दोन ते पाच. भिंग, कागद आणि समोर रिकामी खुर्ची.

पुढच्या गुरुवारपासून वाचन सुरू झालं, जणू काही घडलंच नव्हतं. ते एक अवाक्षर बोलले नाहीत आणि तीही. अ‍ॅशकॉमविषयी मात्र तिची लेखणी दिवसेंदिवस धारदार होत गेली. स्वतःला मारायची हिंमत नसली की माणूस मेलेल्याला मारतो.

सेन्सेईंच्या घरी चहा तयार होता. ते अलीकडे वाळले होते. भिंगाची सवय इतकी की बशीतला बिस्किटाचा तुकडाही ते वाकून बघत.

"प्रकरण चांगलं झालं आहे," ते म्हणाले. "फक्त ते एक वाक्य."

"सेन्सेई," ती म्हणाली, आणि तीन वर्षं घोकलेली सभ्य जपानी वाक्यं कुठल्या कुठे गेली. साधंच काहीतरी तोंडातून आलं. "त्या वर्षी मार्चमध्ये मी तुम्हाला न सांगता गेले. तुम्ही पाच वाजेपर्यंत माझी वाट बघत बसलात. मला माफ करा. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. तिला वाटलं, आता रागावतील, रागावले तर किती बरं होईल.

"शैलजा-सान," ते म्हणाले, "तुम्ही गेलात हे मला सकाळीच कळलं होतं. तुमची मेल मी वाचली होती. लहान मुलगी बरोबर, ठीकच केलंत."

"पण मग तुम्ही तिथं…"

"मला घरी जायचं नव्हतं. घरी फोन होता." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझी धाकटी बहीण तिकडे उत्तरेला असायची, समुद्राकाठी. सहा दिवस काही कळत नव्हतं. मला वाटलं, गुरुवार आहे, दोन वाजलेत, खोलीत बसावं. रोजनिशी वाचत बसलो. पाचला कोणीतरी वर येऊन सांगितलं की सापडली."

सापडली – जिवंत की कशी, हे विचारायची गरज नव्हती. ते त्यांच्या बोटांत दिसत होतं. चष्मा केव्हाच स्वच्छ झाला होता तरी ते पुसतच होते.

"त्यानंतर तुम्ही आलात," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल, म्हणून बोलत नसाल. हे तुमचं सौजन्य, असं मी समजत होतो."

तिनं इतकी वर्षं उराशी बाळगलेला अपराध तिचा नव्हताच… जो होता तो भलताच आणि कितीतरी मोठा. त्या खोलीत तीन तास एक माणूस बहिणीची वाट बघत बसला होता आणि ही समजत होती, आपलीच. पुढचे दीडशेएक गुरुवार ती त्याच्यासमोर बसली, ती स्वतःचीच लाज कुरवाळत. त्याचा चेहरा वाळलेला दिसत होता. त्याचं कारण तिनं वय समजून सोडून दिलं. ब्रिस्टलच्या चांभाराला किती मुलं झाली, त्यातली किती जगली, धाकटीचं नाव काय, हे तिला तारखांसकट पाठ होतं.

"वाचू या," सेन्सेई म्हणाले. "सोमवारी द्यायचं आहे ना."

तिनं पान समोर घेतलं. बहिणीचं नाव विचारायला जपानीत चार शब्द लागतात, अगदी पहिल्या धड्यातले. ते जिभेवर आले आणि तिथंच थांबले, कारण आता विचारणं म्हणजे माफीच्याच रांगेत आणखी एक खाऊचा डबा मांडणं नव्हे ना, हे तिला ठरवता येईना. सेन्सेई मान किंचित कलती करून ऐकायला बसले होते. ती वाचू लागली. आवाज तिचाच होता, पण अ‍ॅशकॉमला दोष देणारं प्रत्येक वाक्य उच्चारताना तिला पहिल्यांदाच वाटत होतं, की आपल्याला या माणसाविषयी खरं म्हणजे काहीच ठाऊक नाही… याच्याविषयी आणि समोर बसलेल्याविषयीही.