चेकपोस्टवरचे अनारसे

मी जळगावची. आमच्याकडे माणूस भरीत खायला जितका तयार, तितकाच भांडायला. शिवांगी घाबरट आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. तरी त्या गुरुवारी, हफ्र अल बातिनच्या रस्त्यावर, एका अनारशाकडे बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं. हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी ऐकून घ्या.

सौदीत खोबरजवळच्या विद्यापीठात मी एमएस करायला आले. पहिल्याच आठवड्यात कळलं, की हॉस्टेलच्या मेसमध्ये पोट भरतं, जेवण होत नाही. जेवायचं ते शुक्रवारी आणि शनिवारी, आणि तेही बाहेर कुठेतरी जाऊन. मग काय, दर वीकेंडला पाठीला सॅक. अल-अहसाला गेले, खजुरांच्या बागेत बसून तिथला लालसर भात मटणाबरोबर चापला. रियाधला अल मलाझमध्ये अलकाकाकू राहतात, आईच्या मैत्रिणीची नणंद, म्हणजे नात्यानं कुणीच नाही. त्यांच्याकडे वरण, भात, तूप आणि लिंबाची फोड समोर आली तेव्हा मी चक्क ताटावर रडले. त्याच काकूंनी तेव्हा वाढता वाढता मला बजावलं, की घरून काय वाटेल ते मागव, फक्त खसखस नको. इथं खसखस मसाल्यात धरत नाहीत, अफूत धरतात. चिमूटभर सापडली तरी माणूस तुरुंगात जातो, आणि मग कुणाची ओळखपाळख कामाला येत नाही.

मी आईला फोनवर तीनतीनदा सांगितलं. आई माझ्याहून भित्री, तिनं गरम मसाल्यातूनसुद्धा खसखस काढून टाकली.

पण सगळ्यात चांगलं जेवण मिळायचं ते इकराकडे. इकरा माझी वर्गमैत्रीण. घरचे मूळचे दापोलीकडचे, पण ही जन्मली इथंच, हफ्र अल बातिनमध्ये. तिथं तिच्या अब्बांचं, म्हणजे सिराजुद्दीनचाचांचं, किराण्याचं दुकान आहे. पंचवीसेक वर्षं तो माणूस त्या वाळवंटातल्या गावात तांदूळ आणि साबण विकतोय. एक गुरुवार सोडून एक गुरुवार चाचा स्वतः गाडी घेऊन आम्हाला न्यायला यायचे, जवळजवळ पाच तास येणं आणि पाच तास जाणं. घरी शरफुन्निसाचाचींनी सांदणं वाफवलेली असायची, तांदळाच्या भाकऱ्या, गावाहून आलेलं आमसूल घातलेलं हमूर माशाचं कालवण. खाली दस्तरखान पसरून आम्ही जेवायचो आणि चाची माझ्या पानात भाकरी टाकतच राहायच्या. नको म्हटलं की त्यांना राग यायचा.

अशा घरी दिवाळीनंतर हात हलवत जायचं का? आमच्या लॅबमधला अनुराग भुसावळचा. तो सुट्टीवरून येताना आईनं दिलेला फराळाचा डबा घेऊन आला. पत्र्याचा मोठा डबा, झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी. मी तो उघडलासुद्धा नाही. दुसऱ्याच्या घरी न्यायचा डबा आधी फोडून कसा चालेल, उष्टा केल्यासारखा दिसतो. तसाच उचलला आणि गाडीत घातला.

निम्म्याहून जास्त रस्ता संपला होता. पुढे चेकपोस्टची रांग लागली. गुरुवार असल्यामुळे सगळे घरी निघालेले, पुढेही गाड्या, मागेही गाड्या, दोन्ही बाजूंना काँक्रीटचे ठोकळे. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. इकरा आणि मी मागे बसलो होतो. तिला भूक लागली होती, आणि भूक लागली की इकराला धीर नसतो. तिनं चिकटपट्टी ओढून डबा उघडला. वर लाडू, चकल्या. त्याखाली कागद. कागदाखालून तिनं एक अनारसा काढला आणि कौतुकानं मला विचारलं, की हे वर चिकटवलेले बारीक पांढरे दाणे कसले.

आईनं अनारसे केलेच नव्हते. ते शेजारच्या तुळसाबाईंनी केले असणार, मायेनं, आयत्या वेळी, आणि आईनं न बघता कागदाखाली सरकवले असणार. हे सगळं मला त्या एका क्षणात कळलं. इकराला काय कळणार? जिथं खसखस विकतच नाहीत तिथं ती वाढलेली. मी अनारसा तिच्या हातातून घेऊन डब्यात टाकला आणि झाकण दाबलं, तर माझ्या बोटांना दाणे चिकटलेले. ओढणीवर दाणे. सीटच्या शिवणीत दाणे. मी बोट ओलं करून एकेक टिपायला लागले आणि टिपलेले गिळायला लागले. मला वेड लागल्यासारखं इकरा माझ्याकडे बघत होती.

चाचांनी आरशातून पाहिलं. गाडी लागते का म्हणून विचारलं.

मला बोलायचं नव्हतं. बोलले की खरं होणार. पण पुढे सहाच गाड्या राहिल्या होत्या, आणि एक पोलीस कुत्रं घेऊन गाड्यांभोवती फिरत होता.

"चाचा, अनारशांवर खसखस आहे," मी म्हटलं.

खसखस म्हणजे काय हे दापोलीच्या माणसाला सांगावं लागलं नाही. त्यांची मान ताठ झाली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, मला रागावलेही नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. गाडी त्यांची. चालवणारे ते. डबा सापडला तर पहिली बेडी त्यांना पडणार, मग दुकान जाणार, इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना जाणार, इकराचं शिक्षण जाणार. आणि हे सगळं कशापायी, तर मला रिकाम्या हातानं जायची लाज वाटत होती म्हणून. मला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटत होती.

खाली उतरून डबा फेकायची सोय नव्हती. चेकपोस्टच्या उजेडात, एवढ्या गाड्यांदेखत, कोण काय फेकतंय हे सगळ्यांना दिसलं असतं.

"डबा इकडं दे," चाचा म्हणाले. मी दिला. त्यांनी तो शेजारच्या रिकाम्या सीटवर उघड ठेवला. "आता हा माझा डबा. माझ्या घरून आला. तुमी दोघी झोपलेल्या. तुमाला कायसुद्धा ठाव नाय."

"अब्बा," इकरा म्हणाली. तिला आता समजलं होतं.

"डोळे मिट."

आम्ही डोळे मिटले. आयुष्यात इतकी जागी मी कधी नव्हते. गाडी थोडी सरकायची, थांबायची. इकराचा हात माझ्या हातात होता आणि दोन्ही हात घामानं भिजलेले. मी गणपतीचं स्तोत्र म्हणायला लागले तर मला पुढच्या ओळीच आठवेनात. बाहेर कुत्र्याच्या साखळीचा आवाज जवळ आला, मग मागे गेला. काच खाली झाली. गरम वारा आत आला. सलाम झाला, इकामे मागितले, चाचांनी तिघांचे कागद एकदम दिले. मग पोलिसानं विचारलं, हे काय?

झाकण उघडल्याचा आवाज झाला.

"हक मीन?" त्यानं विचारलं. कुणाचं आहे. एवढं अरबी मला येतं.

"हक्की," चाचा म्हणाले. माझं.

त्यांचा आवाज साफ होता, दुकानात तांदळाचा भाव सांगावा तसा. आणि मला ते सहन झालं नाही. विचारबिचार काही केला नाही मी. डोळे उघडले आणि म्हटलं, "हक्की." त्याच क्षणी इकरा माझ्या बाजूला उठून बसली आणि तिच्या सफाईदार अरबीत म्हणाली, की डबा तिचा आहे, या दोघांचा नाही.

पोलीस तरुण होता, बारीक मिशीचा. त्यानं चाचांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, इकराकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. खलास.

तो हसला. एका डब्याला तीन मालक, असं आहे तरी काय यात, असं काहीतरी म्हणाला. आम्ही मिठाईवरून भांडतोय असं त्याला वाटलं होतं. त्यानं दोन बोटांनी वरचा अनारसा उचलला, उजेडात धरला आणि विचारलं, "सिमसिम?" म्हणजे तीळ. चाचांनी मान हलवली. त्यानं अनारसा अर्धा तोंडात घातला. कुरकुर आवाज झाला. त्याच्या मिशीला दाणे चिकटले, आणि मी त्या दाण्यांकडे बघत राहिले. चावता चावता त्यानं मान डोलावली, दुसरा अर्धा खाल्ला, कागद परत दिले आणि हात हलवला. यल्ला, म्हणजे चला, निघा.

चाचांनी गाडी पुढे घेतली. चेकपोस्ट मागे दिसेनासं झाल्यावर त्यांनी गाडी रस्त्यावरून खाली उतरवली, डबा घेऊन वाळूत गेले, पायानं खड्डा केला आणि सगळं त्यात ओतलं. लाडू, चकल्या, सगळं. अन्न टाकतोय म्हणून तोंडानं माफी मागत होते. प्यायच्या पाण्यानं त्यांनी डबा विसळला, मग मला उतरवून ओढणी झटकायला लावली, मग सीट पुसली. मी मदत करायला गेले तर हात झिडकारला.

आणि मग ते माझ्यावर बरसले. मी डबा माझा म्हटलं होतं की नाय? मग तुला तोंड उघडायला कुणी सांगितलं? माझं आयुष्य खाऊन झालंय, तुझं अजून सुरूसुद्धा नाय झालं. इकरालाही बोलले, तिला तर जास्तच. मीही गप्प बसणारी नाही. मी म्हटलं, की माझ्या चुकीपायी तुम्ही तुरुंगात गेला असता तर चाचींच्या हातची भाकरी माझ्या घशाखाली उतरली असती का.

"तुझ्या बापाला मी काय सांगणार होतो?" चाचा म्हणाले. "तुमची पोर पोलिसांनी माझ्या गाडीतून नेली म्हणून?"

ते गाडीत बसले, किल्ली लावायला गेले, आणि किल्ली भोकात जाईना. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ती खाली पडली. पन्नाशी उलटलेला माणूस, तिकडे पोलिसासमोर आवाज हलला नाही त्याचा.

इकरानं वाकून किल्ली उचलली. ती पुढे जाऊन बसली आणि चाचा मागे, माझ्या शेजारी आले. तिनं गाडी रस्त्यावर घेतली. चाचा खिडकीबाहेर बघत पुटपुटत होते, या पोरींना अक्कल नाय, मुळीच नाय, उद्या हिच्या आईला फोन लावतो. आणि एका हातानं त्यांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. हफ्र येईपर्यंत ते सोडलं नाही.