शनिवार-रविवारची गोळी

आकाश पेढे घेऊन लॅबमध्ये आला आणि मी काही बोलायच्या आत रिसेप्शनवरच्या तनुजानं एक उचलून तोंडात टाकलाही.

"मायचा रिपोर्ट नॉर्मल आला ना, ताई! ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा टीएसएच लाल नाय."

आकाश माझा धाकटा भाऊ, दौलताबादला मायजवळ राहतो. रिपोर्ट त्याच्या मोबाइलवर गेला होता. मी तो सकाळीच मशीनवर पाहिला होता. पुंडलिकनगरच्या या लॅबमध्ये मी बायोकेमिस्ट आहे, थायरॉइडचे रिपोर्ट माझ्याच सहीनं जातात. मायचा नमुना मी पुन्हा लावून पाहिला, आकडा तोच आला.

"मला पेढा नको," मी म्हणाले. "टीएसएच नॉर्मल आलं, हेच वाईट आहे."

"नॉर्मल वाईट?" त्यानं तनुजाकडं पाहिलं. "मॅडम, तुम्हीच समजवा हिला."

हे मी त्याला आधी सांगितलेलं आहे. गावातल्या डॉक्टरांना सांगितलेलं आहे, शेजारच्या दगडाबाईंनाही सांगितलेलं आहे. परत सांगितलं. टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या ग्रंथीतून निघणारं हार्मोन. थायरॉइडच्या पेशींवर त्याचे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, असतात. हार्मोन ग्राहीत बसलं की पेशीला निरोप मिळतो: काम कर, वाढ. मायची थायरॉइड कॅन्सरमुळे काढून टाकली, पण चुकूनमाकून राहिलेल्या पेशी कितीही बिघडलेल्या असल्या, तरी हा ग्राही त्यांनी टाकलेला नाही. निरोप आला की त्या अजूनही ऐकतात. म्हणून मायला गोळीतून थायरॉइडचं हार्मोन गरजेपेक्षा जरा जास्त द्यायचं. मेंदूला वाटतं भरपूर आहे, आणि तो निरोप पाठवणं बंद करतो. तिचा आकडा मर्यादेच्या खाली, म्हणजे लालच हवा. रिपोर्टवर छापलेल्या मर्यादा निरोगी माणसांच्या असतात. तशी ओळ मी दर वेळी खाली टाकते. ती कुणी वाचत नाही.

"आणि हे बघ." मी त्याच्या मोबाइलवर खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "थायरोग्लोब्युलिन. हे फक्त थायरॉइडच्याच पेशी बनवतात. मागच्या वेळी जवळजवळ नव्हतं. आता आहे."

त्यानं पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण लावलं.

"पण माय रोज गोळी घेती. मी सोत्ता बघतो."

"रोज?"

"रोज. शनिवार-रविवार मी पहाटंच माल आणायला जातो, तेवढं सोडून."

रविवारी मी दौलताबादला गेले. किल्ल्यासमोर गाड्या लागल्या होत्या, कुठल्याशा शाळेची सहल आली होती. माय टोपली पुढं घेऊन बसली होती, हातात तागडी. पेरूला ती जांबच म्हणते.

"माय, आज गोळी घेतली?"

"घेतली की."

"पाकीट दाखव."

"पोलिसात लागली का तू?" तिनं एका पोराच्या पेरूवर तिखट-मीठ भुरभुरलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "शनिवार-रविवार सुट्टी देते तिला. हापिसाला असती, माझ्या गोळीनंच काय घोडं मारलंय?"

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

मी शेजारच्या रिकाम्या क्रेटवर बसले.

"दिवाळीत एक पोरगं आलं व्हतं," ती म्हणाली. "माझा हात थरथरत व्हता, तागडीची दांडी हालत व्हती. त्यानं मोबाइलच धरला माझ्या हातापुढं. 'ये देखो, आजी कैसे काटा मारती है.' समदी लाईन बघत व्हती. इतकी वर्सं इथं बसते, मला काटामार कुणी म्हणलं नव्हतं."

"मग मला सांगायचं होतंस!"

"काय सांगू? तूच म्हणली व्हतीस, गोळीनं हात हालतील. तुला म्हाईतच हाय."

"ती गोळी रक्तात आठवडाभर राहते, माय. शनिवारी नाही घेतली म्हणून शनिवारीच हात थांबत नाही."

"थांबला की."

थांबला होता, कारण आठवड्याचं एकूण औषधच कमी झालं होतं. पण हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मंग बरोबरच केलं.

माल घेऊन परतलेला आकाश मध्ये पडला. "मी कधीचा म्हणतोय, लाईटवरचा काटा आणू."

"आता आणला तर लोकं म्हणतील, धरली म्हणून आणला. तू जा, तिकडची टोपली बघ."

मग मी तिला सगळं सांगितलं. ग्राही म्हटलं तर तिला समजलं नसतं, मी कान म्हटलं. गाठ काढली तरी काही पेशी मागं राहिल्यात. त्यांना कान आहेत. मेंदू हाक मारतो तेव्हा त्या उठतात. पुरती गोळी घेतलीस तर मेंदू गप्प राहतो.

तिनं तागडी टोपलीत ठेवली. समोर एक बाई अर्धा किलो मागत होती.

"थांबा जरा," माय तिला म्हणाली. मग मला, "म्हंजे मीच हाका मारून उठवलं त्यांला?"

"व्हय," मी म्हणाले. वैतागले की माझ्या तोंडात दौलताबाद येतं.

त्या बाईनं स्वतःच पेरू निवडायला घेतले.

सोमवारी आम्ही तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी सोनोग्राफी लिहून दिली, गोळी सातही दिवस सुरू केली आणि सोबत एक लहान गोळी दिली. हार्मोन वाढलं की हृदय आणि हात जादा उत्तेजित होतात, त्या उत्तेजनाचे ग्राही ही गोळी अडवते.

"एक गोळी हात हालवती, दुसरी हात धरती," माय रिक्षात म्हणाली. "मंग पैलीच कशाला?"

"माय!"

"आता इचारू पन नको?" मग म्हणाली, "घेते. पन दांडी हालली तर परत सुट्टी."

"सुट्टी नाही. दांडी हालली तर मला फोन."

सोनोग्राफीत मानेत डोळ्यांना दिसण्याजोगं काही नव्हतं. त्यावर आकाश पुन्हा पेढे आणायला निघाला होता. मी ओरडले म्हणून थांबला.

पुढचा रिपोर्ट आला तेव्हा पेरूंचा मोसम संपून माय द्राक्षं विकत होती. टीएसएच एकदम खाली, लाल. थायरोग्लोब्युलिन थोडं उतरलेलं. गेलेलं नाही, दर तीन महिन्यांनी बघत राहायचं आहे. मी सही करून रिपोर्ट पाठवला आणि पाचव्या मिनिटाला आकाशचा फोन आला.

"ताई, लाल आलंय! लईच कमी झालंय. गोळी निम्मी करू का?"

मी फोन कानापासून दूर धरला.

"दे इकडं," मागून मायचा आवाज आला. "ह्याला किती येळा सांगायचं. लालच पायजे व्हतं ना गं?"

"हो. लालच हवं होतं. आणि हात?"

"थांब, गिऱ्हाईक हाय."

तिनं फोन बंद केला नाही, बहुतेक टोपलीत ठेवला. गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते, त्यात तिचा आवाज.

"बघा दादा, दांडी सरळ हाय का. नीट बघा. मोबाइल काढायचा तर काढा."

मी फोन तसाच कानाला धरून बसले. तनुजा पुढचे रिपोर्ट सहीला घेऊन आली होती, तिला मी हातानं थांबायला सांगितलं.